‘मीही यातून गेलोय’ म्हणणाऱ्याला नोकरीवर घेताना

ठाण्यातल्या लोकमान्यनगरच्या एका खोलीत एकोणीस वर्षांचा मुलगा तीन महिने घराबाहेर पडलेला नाही, असं समजा. आई केसपेपर काढून येते, डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मुलगा त्या कधी घेतो, कधी नाही. समुपदेशकाचं नाव काढलं की म्हणतो, “मी काय वेडा आहे का?” एक दिवस तेवीस वर्षांचा एक जण दारात चपला काढून आत येतो. बराच वेळ काही विचारत नाही. मग म्हणतो, “मी पण वर्षभर असाच घरात बसून होतो. बोलायचं नसेल तर राहू दे. खाली टपरीपर्यंत येतोस?”

या माणसाला पीअर वर्कर म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. तो स्वतः मानसिक त्रासातून गेलेला असतो, उपचार घेऊन झालेले असतात किंवा अजून चालू असतात, आणि आता आपल्याच वयाच्या मुलामुलींसोबत राहण्याचं रीतसर शिक्षण घेऊन तो पगारावर काम करतो. पगारावर हा शब्द मुद्दाम वापरलाय. मित्राला एखाद्या दिवशी यायला जमलं नाही तर चालतं. पीअर वर्करने मंगळवारी चार म्हटलं की मंगळवारी चारला यायचं असतं, आणि समोरच्याचा विश्वास या वक्तशीरपणावरच बसतो.

ठाणे-नवी मुंबईत वस्तीपातळीवर मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्था, दवाखाने आणि कॉलेजांना अशी माणसं हवी असतात. नेमणूक होते, पहिले तीन महिने उत्साहात जातात आणि सहाव्या महिन्यात मुलगा काम सोडतो. “त्याला झेपलं नाही” असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं नसतं. जागाच तयार नसते. काम काय ते ठरलेलं नसतं, वर विचारायला कोणी नसतं, आणि शेवटी तो झेरॉक्स काढत बसतो किंवा छोटा डॉक्टर होऊन बसतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग मुलांना शिकवण्याआधी संस्थेने काय करायचं याबद्दल आहे.

ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बाप्तिस्त पुस्साँ हा व्यवस्थापक बरे झालेल्या रुग्णांनाच कामावर ठेवायचा, कारण ती माणसं रुग्णांना मारहाण करत नसत. १९३५ पासून चालत आलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सगळी रचनाच ‘दारू सुटलेल्याने दुसऱ्याचा हात धरायचा’ यावर उभी आहे. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेला आत्मीयता प्रकल्प. त्यात गावातल्याच लोकांना शिकवून मानसिक ताणात असलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधार द्यायला तयार केलं. ते समाजस्वयंसेवक होते, पीअर वर्कर नव्हेत. स्वयंसेवकाकडे गावाची ओळख असते, पीअर वर्करकडे आजाराचा स्वतःचा अनुभव असतो. दोघांचाही उपयोग आहे. पण एकाच्या जागी दुसरा बसवला की घोळ होतो.

तरुणच का, तर आजारच तरुणपणी सुरू होतात. जगभरातले १९२ अभ्यास एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, मानसिक आजार झालेल्यांपैकी साधारण ३५ टक्के लोकांचा आजार १४ वर्षांच्या आत, ४८ टक्क्यांचा १८ च्या आत आणि ६२ टक्क्यांचा २५ च्या आत सुरू झालेला दिसला. या वयात मोठ्या माणसाने समजावलेलं कानावरून जातं.

जाहिरात काढण्याआधी

सगळ्यात आधी एका पानावर कामाचं स्वरूप लिहून काढा. पीअर वर्कर काय करेल: घरी किंवा बाहेर भेटेल, ओपीडीच्या पहिल्या दिवशी रांगेत सोबत बसेल, आठवड्यातून एकदा गट चालवेल, कॉलेज पुन्हा सुरू करणाऱ्या मुलीसोबत पहिल्या दिवशी गेटपर्यंत जाईल. त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात, काय करणार नाही तेही लिहा. निदान सांगणार नाही. गोळी कमी कर, बंद कर असं बोलणार नाही. कोणाला धरून ठेवायला किंवा जबरदस्तीने गोळी द्यायला मदत करणार नाही. देणगीदार आले की त्यांच्यासमोर उभं राहून स्वतःची कहाणी सांगणार नाही. शेवटची गोष्ट नेमकी सगळ्यात आधी मोडली जाते, म्हणून तिच्यावर संचालकांची सही घ्या.

मग कर्मचाऱ्यांच्या दोन बैठका घ्या, दोन-दोन तासांच्या. केसपेपरच्या खिडकीवरची ताई आणि वॉचमनकाकाही त्यात हवेत. नवा पीअर वर्कर सकाळी आत येतो तेव्हा त्याला पहिली वागणूक मिळते ती त्यांच्याकडून. या बैठकांत एका प्रसंगावर नीट वेळ द्या. मीटिंगमध्ये पीअर वर्कर एखाद्या मुद्द्यावर तावातावाने बोलतो, आणि नंतर कोणीतरी हळूच विचारतं, “आज गोळी घेतलीस ना?” विचारणाऱ्याला ती काळजी वाटते. ऐकणाऱ्याला कळतं, की इथे आपण सहकारी नाही, पेशंटच आहोत. दुसऱ्या कोणी आवाज चढवला तर त्याला मतभेद म्हणतात, मग यालाही मतभेदच म्हणायचं, हे बैठकीत स्पष्ट बोलून ठेवा.

उमेदवाराने पूर्वी तुमच्याच केंद्रात उपचार घेतले असतील तर त्याचा जुना केसपेपर कपाटातून काढून वेगळा कुलूपबंद करा. संगणकावर असेल तर पाहण्याची परवानगी एकाच व्यक्तीला द्या. चहाच्या वेळी कुतूहल म्हणून जुनी फाइल चाळली जाते, आणि ते त्याला कळतंच. पुढचे उपचार शक्यतो दुसऱ्या ठिकाणी घ्यायची सोय करून द्या. जो डॉक्टर त्याला तपासतो, त्याच डॉक्टरने त्याच्या कामाचं मूल्यमापन करणं दोघांनाही अवघड जातं.

एका केंद्रात एकच पीअर वर्कर कधीही नेमू नका. पैसे एकाच पगाराचे असतील तर अर्धवेळच्या दोन जागा करा. एकटा असला की तो सगळ्या ‘अनुभवी’ लोकांचा प्रतिनिधी होऊन बसतो. त्याची एखादी चूक झाली की ‘पीअर वर्कर असेच असतात’ असा शिक्का बसतो, आणि संध्याकाळी ज्याच्याशी बोलावं असं बरोबरीचं तिथे कोणीच नसतं.

माणूस शोधायचा कुठे, विचारायचं काय

‘उत्तम संवादकौशल्य, पदवी आवश्यक, इंग्रजीला प्राधान्य’ अशी जाहिरात दिलीत तर ज्यांना शोधताय तेच गळतील. आजारपणात ज्यांची दोन वर्षं गेली त्यांची पदवी बहुधा अर्धवट असते. लिहायचं ते असं: ‘तुम्ही स्वतः नैराश्य, घबराट, भास, व्यसन किंवा अशा कुठल्या त्रासातून गेला असाल आणि आता दुसऱ्यांसोबत काम करावंसं वाटत असेल, तर बोला. वय १८ ते २५. दहावी-बारावी झालेली पुरे.’ हा कागद अभ्यासिकांमध्ये, एनएसएसच्या फलकावर, मंडळांच्या आणि गोविंदा पथकांच्या ग्रुपवर, सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीजवळ लावा. अठराच्या आतल्या कोणालाही या कामावर घेऊ नका, मुलगा कितीही समंजस असला तरी.

भाषेचाही विचार करा. मुंब्र्यात उर्दू-हिंदी, तुर्भे-दिघ्यात हिंदीसोबत कन्नड, नवी मुंबईच्या जुन्या गावठाणांमध्ये आगरी. दुःखाची भाषा घरची असते. ‘डिप्रेशन’ हा शब्द कधीच न वापरणारी मुलगी “काळीज बसलंय”, “डोकं भणभणतं”, “कशातच मन लागत नाही” असं म्हणते. ते पकडणारा माणूस हवा.

मुलाखत सकाळी नऊला ठेवू नका. रात्री घ्यायच्या अनेक औषधांची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही, त्यामुळे एरवी चांगला बोलणारा मुलगा नऊला सुस्त दिसतो. साडेअकरानंतरची वेळ द्या आणि प्रश्नांचा कागद आदल्या दिवशी पाठवा. पाठ करून आला तरी बिघडत नाही, इथे स्मरणशक्तीची परीक्षा नाही. समोर बसणाऱ्या तिघांपैकी एक जण स्वतः अशा अनुभवातून गेलेला असावा.

तुला कुठला आजार आहे, किती वेळा दाखल झालास, कधी जीव द्यायचा प्रयत्न केला होतास का, हे विचारायचं नाही. विचारायचं ते असं: “तुझ्या वाईट काळात कोणी केलेली कुठली गोष्ट उपयोगी पडली? आणि कुठली गोष्ट चांगल्या मनाने केलेली असूनही त्रासदायक झाली?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ज्याला नको असलेली मदत ओळखता येते, तो स्वतः तशी मदत करणार नाही. “औषधाने तुला बरं वाटलं नाही आणि समोरच्याला औषधाने बरं वाटतंय, तर काय म्हणशील?” हाही चांगला प्रश्न आहे. आपला रस्ता तोच एकमेव, असं मानणाऱ्याला आत्ताच घेऊ नका. आणि “तुझं बिनसायला लागलं की तुला ते कसं कळतं, तेव्हा काय करतोस?” याला कसंही असलं तरी काहीतरी ठोस उत्तर हवं. “आता मला काहीच होत नाही” हे उत्तर धोक्याचं असतं.

मानसिक आजार हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये येतो, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावं असं तो कायदा सांगतो. ते धोरण नेमणूकपत्राबरोबरच हातात द्या.

पगाराचा विषय

मानधन नको, पगार द्या. मानधनावरच्या माणसाला आजारपणाची रजा नसते. आणि या कामात नेमकी तीच सगळ्यात आधी लागते. सुरुवातीला आठवड्याला २० ते २४ तासांचं काम पुरे. प्रशिक्षणाच्या दिवसांचेही पैसे द्या. प्रवासखर्च वेगळा द्या आणि महिनाअखेरीची वाट न पाहता आठवड्याला द्या. कळव्याहून घणसोलीला जायचं म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलचं तिकीट, पुढे शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. दिवसाला दोन भेटी असल्या की खिशातले पैसे संपतात, आणि मग भेट ‘रद्द’ होते. वर्करने टाळाटाळ केली असं कागदावर दिसतं, प्रत्यक्षात त्याच्याकडे तिकिटाला पैसे नसतात.

प्रशिक्षण: दहा दिवस आणि चार आठवडे

एका तुकडीत आठ ते दहा जण घ्या, त्याहून जास्त नकोत. शिकवणारे दोन, त्यातला एक स्वतः पीअर. पाच दिवस वर्गात, मग चार आठवडे कुणाच्या तरी सोबत प्रत्यक्ष कामावर, मग पुन्हा पाच दिवस वर्गात. दहा दिवस सलग घेतले तर प्रश्नच पडत नाहीत, कारण मुलांनी अजून काही पाहिलेलंच नसतं. दुसऱ्या पाच दिवसांत खरी चर्चा होते.

पहिले दोन दिवस फक्त ऐकणं. जोड्या करा. एक जण आठ मिनिटं बोलेल, दुसरा ऐकेल. ऐकणाऱ्याने “मग तू असं कर ना” अशा धाटणीचं काही म्हटलं की तिसऱ्याने बोट वर करायचं. पहिल्या फेरीत बोटं सारखी वर जातात. ती मोजा, फळ्यावर लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. सल्ला न देता आठ मिनिटं कशी काढायची हे व्याख्यानाने शिकवता येत नाही, असंच येतं. त्याच दिवशी दोन मिनिटांच्या शांततेचाही सराव घ्या. शांततेत अस्वस्थ होणारा माणूस काहीतरी बोलून टाकतो, आणि समोरचा जे बोलणारच होता ते राहून जातं.

तिसरा दिवस स्वतःचा अनुभव किती आणि कसा सांगायचा याचा. पीअर वर्करचं हत्यार हेच, आणि हात कापला जातो तो यानेच. समोरची मुलगी म्हणते, “सकाळी उठवतच नाही.” वर्कर म्हणतो, “अगं हे तर काहीच नाही, मी तर दोनदा दाखल होतो. आणि बघ, आज नोकरी करतोय! तूपण करशील.” त्याच्या मनात तिला धीर द्यायचा असतो. तिला ऐकू येतं ते असं, की तुझं दुःख लहान आहे आणि तुला जमत नाही तो तुझा कमीपणा. आता दुसरं उत्तर बघा: “मलाही सकाळ सगळ्यात जड जायची. पंख्याकडे बघत पडून राहायचो. तुझी सकाळ कशी असते?” तीन वाक्यं झाली आणि चेंडू परत तिच्याकडे गेला. आजाराचं नाव नाही, शेवट नाही, यशाची गोष्ट नाही.

सांगण्याआधी मनातल्या मनात तीन गोष्टी तपासायला शिकवा. हे मी तिच्यासाठी सांगतोय की माझं मन मोकळं व्हावं म्हणून? ही जखम भरलीये की अजून ओली आहे? आणि हे उद्या किसननगरच्या नाक्यावर पोचलं तर मला चालेल का? तिसरं उत्तर ‘नाही’ आलं तर ती गोष्ट सांगायची नाही, कारण गुप्ततेचं बंधन वर्करवर आहे, समोरच्या मुलावर नाही. प्रत्येकाने तीन रकाने काढून लिहावं: कोणालाही सांगेन, विश्वास बसल्यावर सांगेन, कामावर कधीच सांगणार नाही. हा कागद त्याच्याकडेच राहतो, प्रशिक्षक तो गोळा करत नाही.

चौथा दिवस आत्महत्येबद्दल बोलण्याचा. तो पहिल्या दिवशी ठेवू नका आणि दुपारी चारला संपवा, त्यानंतर जड काही नको. त्या रात्री कोण कोणाला फोन करणार याच्या जोड्या ठरवूनच सगळ्यांना घरी पाठवा. शिकायचं मुख्य वाक्य एकच आहे: “तुला जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पण हे वाक्य तोंडातून निघत नाही. मुलं “तसं काही... म्हणजे... नाही ना?” असं विचारतात. त्या प्रश्नाला एकच उत्तर येतं, “नाही.” म्हणून सरळ वाक्य मोठ्याने, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, दहा वेळा म्हणायला लावा.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा क्रम पाठच हवा. एकटं सोडायचं नाही. तिथूनच सुपरवायझरला फोन लावायचा, समोरच्याला सांगून. तिच्या विश्वासाचं घरातलं माणूस कोण ते तिलाच विचारायचं आणि त्याला बोलवायचं. इजा करता येईल असं जवळ काही असेल तर ते घरच्यांच्या मदतीने लांब करायचं. धोका लगेचचा असेल तर ११२ किंवा जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा कॅज्युअल्टी विभाग. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे थांबतात. त्यांना सांगायचं, की मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नसते, उलट तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पाचवा दिवस गुप्ततेचा आणि कायद्याचा. इथे बरीच मुलं एक गोड चूक करतात. “तू मला काहीही सांग, मी कोण्णाला सांगणार नाही.” हे वचन पाळता येत नाही, म्हणून देऊ नये. पहिल्या भेटीतच म्हणायचं: “आपलं बोलणं माझ्यापाशी आणि माझ्या सुपरवायझरपाशी राहील. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कोणावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर मला पुढे सांगावं लागेल. तेव्हाही आधी तुला सांगेन, मग बाकीच्यांना.” पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कोणावरही ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. सतरा वर्षांच्या मुलीचं राजीखुशीचं प्रेमप्रकरणही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि पीअर वर्करच्या कानावर असं वरचेवर पडतं. त्याने एकट्याने काही ठरवायचं नाही, त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं. या एका नियमाला सूट नाही.

मग चार आठवडे कुणासोबत काम. पहिले दोन आठवडे फक्त बघायचं, पुढचे दोन आठवडे नव्याने बोलायचं आणि जुन्याने बघायचं. पहिल्याच तुकडीला जुना पीअर वर्कर मिळत नाही, तेव्हा समाजकार्यकर्ती सोबत जाते. अशा वेळी नवा वर्कर तिची नक्कल करायला लागतो. प्रश्नावली काढतो, “त्रास किती दिवसांपासून?” असं विचारतो. दुसऱ्या पाच दिवसांत ही नक्कल सोडवणं हेच मोठं काम असतं. त्याच दिवसांत नोंदी लिहायलाही शिकवा. भेटीची नोंद चार-पाच ओळींची, साध्या मराठीत, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवता येईल अशी. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहिणाऱ्याला विचारा, त्याच्या तोंडावर हे वाचून दाखवशील का? मग तो ‘आज बोलायचं नव्हतं, शनिवारी या म्हणाला’ असं लिहितो, आणि तेच जास्त खरं असतं.

भेटायचं कुठे, मेसेज करायचा कसा

१९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, आणि “याला ठाण्याला पाठवा” हे वाक्य शाळेच्या बाकापासून ऐकत इथली मुलं मोठी होतात. त्यामुळे वर्करच्या गळ्यात ‘मानसिक आरोग्य प्रकल्प’ असं ठळक लिहिलेलं ओळखपत्र असेल तर चाळीच्या पहिल्या जिन्यावरच बातमी होते. ओळखपत्र खिशात ठेवा, त्यावर संस्थेचं नाव आणि फोटो पुरे. घोडबंदरच्या किंवा नेरूळच्या मोठ्या सोसायट्यांत वेगळी अडचण. गेटवरच्या ॲपमध्ये ‘कोण, कुठून, कशासाठी’ भरावं लागतं आणि ते घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर जातं. तिथे काय लिहायचं हे आधीच त्या मुलाला किंवा मुलीला विचारून ठरवा. अठराच्या आतल्यांबाबत पालकांची लेखी संमती हवीच, पण पालकांना माहीत असणं आणि काका-आजोबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होणं यात फरक आहे.

एका खोलीच्या घरात खाजगी असं काही बोलता येत नाही, म्हणून चालत बोला. तलावपाळीला एक फेरी, उपवनचा कट्टा, वाशीचा मिनी सीशोअर, नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक. शेजारीशेजारी चालताना नजर मिळवावी लागत नाही, आणि समोरासमोर खुर्चीत न निघणारं बोलणं तिथे निघतं. पण जागा उघडी हवी, भेट संध्याकाळी सातच्या आत संपायला हवी, आणि कुठे आहोत याचा मेसेज सुपरवायझरला निघताना आणि परतताना जायला हवा. मुलींच्या भेटीला शक्यतो मुलगीच जावी.

फोन आणि सिम संस्थेचं द्या. स्वतःचा नंबर दिला की काम आणि घर यांच्यातली भिंत पडते. समजा रात्री ११.४० ला मेसेज येतो, “झोपलास का?” नव्या वर्करला वाटतं, उत्तर नाही दिलं तर याचं काही बरंवाईट होईल. तो दोनपर्यंत जागा राहतो, उद्या पुन्हा, परवा पुन्हा, आणि तीन आठवड्यांत त्याचीच झोप जाते. अनेकांच्या आजाराची पहिली खूण झोप हीच असते. म्हणून कामाची वेळ पहिल्या भेटीतच सांगायची आणि त्यानंतर जाणारं आपोआप उत्तर लावून ठेवायचं: ‘मी सकाळी ११ ते ६ बोलू शकतो. आत्ता खूप जड वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर. उद्या मी तुला फोन करतोच.’ आणि उद्या तो फोन झालाच पाहिजे.

मुलींच्या बाबतीत अजून एक. फोन भाऊ बघतो, आई बघते, कधी नवरा बघतो. ‘काल रात्री परत विचार आले का?’ असा मेसेज घरात भांडण लावू शकतो. ‘उद्या ४ ला आहेस का?’ एवढंच लिहा. बाकीचं भेटीत.

वर कोण?

प्रशिक्षण कितीही चांगलं दिलं तरी सुपरव्हिजन नसेल तर ते दोन महिन्यांत विरून जातं. आठवड्यातून एक तास सुपरवायझरसोबत एकट्याने, पंधरवड्याला दीड तास सगळ्या पीअर वर्करांनी मिळून, आणि कामाच्या वेळात फोन उचलणारा एक माणूस. सुरुवातीला एका वर्करकडे सहा ते आठ मुलं, वर्षभरानंतर दहा-बारा. याहून जास्त दिली की भेटीची हजेरी होते. ‘दिवसाला पंधरा संपर्क’ असलं लक्ष्य मुळीच देऊ नका. ते गाठायला मुलं फोन लावतात, “कसा आहेस, बरा ना?” विचारतात आणि खूण करतात. त्यापेक्षा तीन महिन्यांनी हे बघा: तो दुसऱ्यांदा ओपीडीत आला का? अडचणीत फोन करता येईल असं निदान एक नाव त्याच्याकडे आहे का? घराबाहेर पडणं वाढलं का?

त्या एका तासात उपचार करायचे नाहीत. विचारायचं ते कामाबद्दल: या आठवड्यात कुठली भेट मनात राहिली, कुठे सल्ला दिला गेला, कोणाला भेटायचं टाळावंसं वाटतं आणि का, कोणासाठी ठरल्यापेक्षा जास्त धावपळ करतोयस. शेवटच्या प्रश्नावर रेंगाळा. ‘मी वाचवलं नाही तर कोण वाचवणार’ ही भावना चांगल्यात चांगल्या वर्करला खाते.

नेमणुकीच्या पहिल्याच महिन्यात, सगळं ठीक असताना, प्रत्येकाने ‘बरं नसेल तेव्हाची योजना’ स्वतः लिहून द्यायची. माझं बिनसतंय हे बाहेरून कसं दिसतं, तेव्हा कोणी बोललेलं चालेल, कोणाला फोन करायचा, माझ्याकडे सोपवलेली मुलं त्या काळात कोण बघेल, परतल्यावर पहिला आठवडा कसा असावा. त्रास उलटणं हे या आजारांत अपेक्षितच असतं. त्रास उलटला म्हणून नोकरी जाणार नाही, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं असावं, नाहीतर लोक लपवतात आणि उशिरा कळतं. रजेवरून परतणाऱ्याला पहिल्या आठवड्यात अर्धेच तास आणि नवीन मुलं नाहीत.

वर्षभराने पुढे काय, हेही सांगता आलं पाहिजे. वरिष्ठ पीअर वर्कर, मग नव्यांचा प्रशिक्षक, आणि शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठातून अर्धवट राहिलेली पदवी, परीक्षेच्या रजेसकट.

निरोपाचीही पद्धत लागते. निधी ३१ मार्चला संपतो, वर्कर दुसरीकडे जातो, आणि मुलाला कळतं ते फोन लागत नाही तेव्हा. ज्याला आधीच वाटतं की सगळे सोडून जातात, त्याच्यासाठी हे फार वाईट असतं. म्हणून शेवटच्या भेटीच्या सहा आठवडे आधी तारीख सांगा. मधल्या दोन भेटी पुढच्या वर्करला सोबत घेऊन करा. शेवटच्या भेटीत, या काळात काय बदललं ते त्या मुलालाच सांगू द्या आणि त्याच्या शब्दांत लिहून त्याच्याकडे द्या. आणि ते सिमकार्ड बंद करू नका. पुढचे सहा महिने त्या नंबरवर कोणीतरी “हॅलो, बोल” म्हणायला हवं.